बंद करून ठेवलेलं कंट्रोल-सी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. ह्या सदरातले चकवे आणि पिंपळाखालच्या बाया वाचून मी हसत आलेय, आणि आई माझ्यावर डोळे वटारत आलीय. माझा धंदाच तसा आहे, मी सॉफ्टवेअर टेस्टर. लोक येऊन म्हणतात "आपोआप झालं", आणि मी त्यांना पुराव्यानिशी दाखवते की आपोआप काही झालेलं नाही, तुमच्याच हातून झालंय. तोंडाने मी फटकळ आहे, हेही कबूल. तरी आज लिहायला बसलेय, कारण दीड वर्ष होत आलं आणि माझ्याकडे उत्तर नाही.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खारेपाटात. पोयनाडवरून आत वळलं की एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये मातीचा बांध. ह्या बांधात आमची उघाडी आहे, म्हणजे पाण्याचा लोखंडी दरवाजा. ओहोटीला तो उचलायचा, शेतातलं जादा पाणी खाडीत निघून जातं. भरतीच्या आधी खाली सोडायचा, नाहीतर खारं पाणी शेतात घुसतं. पूर्वी तो हाताने चाक फिरवून खालीवर करत. तेव्हापासून घरचा एक नियम आहे : दरवाज्याखाली कचरा काढायला कुणी उतरलं की त्याने आपला टॉवेल चाकाला बांधायचा. टॉवेल दिसला की दुसऱ्याने चाकाला हात लावायचा नाही... ज्याने बांधला त्यानेच सोडायचा.

घरून काम सुरू झालं तशी मी नवी मुंबई सोडून गावी आले, आणि हौसेने दरवाज्याला मोटर बसवून घेतली. तिचा प्रोग्रॅम मीच लिहिला. माझ्या खोलीत एक जुना लॅपटॉप, त्यावर टर्मिनलची काळी खिडकी कायम उघडी. तिच्यात भरती-ओहोटीच्या वेळा उमटायच्या, दरवाजा वर गेला, खाली आला, हेही एकेका ओळीत उमटायचं. कोपऱ्यात उघाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र. बाबा म्हणाले, "आता आमी काय माशा मारू?" पण खूश होते.

सगळ्यात खूश दामूकाका. दामूकाका म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायचा. रोज सकाळी अंघोळ करून माझ्या खोलीत यायचा, काळ्या खिडकीतल्या त्या दिवसाच्या भरतीच्या ओळी माउसने निवडायचा, कंट्रोल-सी दाबायचा आणि मासेमारीवाल्या मित्रांच्या ग्रुपवर पाठवायला जायचा. कॉपी-पेस्ट त्याला मीच शिकवलं होतं. पण टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नव्हे... चालू प्रोग्रॅमला "आता थांब" म्हणून सांगायची ती खूण. काकाने दाबलं की माझा प्रोग्रॅम बंद. "काका, सोबत शिफ्टपण दाब" हे मी वीसदा सांगितलं असेल. "व्हय व्हय," म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

एकदा माझ्या लक्षात आलं नाही. प्रोग्रॅम बंद, दरवाजा वरच, आणि भरती आली. भाताची दोन खाचरं खारी झाली आणि शेतातल्या तळ्यात दोन वर्षं वाढवलेले जिताडे मासे पाण्याबरोबर खाडीत निघून गेले. मी काकाला नको नको ते बोलले. "तुला काय समजत नाय, परत ह्या लॅपटॉपला हात लावू नको." सत्तरीच्या माणसाला, आईच्या देखत. तो "बरं बाय," एवढंच म्हणाला.

त्याच दिवशी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली — कंट्रोल-सी आलं तरी दुर्लक्ष कर. कितीही दाबा, पडद्यावर नुसता टोपी घातलेला सी उमटणार, ^C, आणि काम चालूच राहणार. कंट्रोल-सी आल्यावर दरवाजा जागच्या जागी थांबवायचा भाग खाली तसाच पडून होता, पण तिथपर्यंत पोचायची वाट मी बंद केली होती. काका त्यानंतर माझ्या खोलीत आला नाही. तीन महिन्यांनी झोपेतच गेला. मी त्याची माफी मागितली नव्हती. हे मला अजून लागतं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. आश्विन महिना, भात कापणीला आलेलं, दुपारी साडेबाराची वेळ. आई कामाला अलिबागला गेलेली. मी खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेय. शेजारच्या काळ्या खिडकीत ओळ आली, "दरवाजा खाली जातोय". मी सहज कॅमेऱ्याकडे बघितलं. चाकाला बाबांचा लाल चौकड्याचा टॉवेल बांधलेला.

मोटर आली तरी जुनं चाक तिथेच होतं, आणि बाबा सवयीने त्यालाच टॉवेल बांधून खाली उतरले होते. माणसाला टॉवेल कळतो, मोटरला काय कळणार? बाबा भरतीची वेळ तिथीवरून काढतात, त्यांच्या हिशेबाने अजून अर्धा तास होता. मी मात्र चारच दिवसांपूर्वी दरवाजा अर्धा तास आधी पडेल असं करून ठेवलं होतं... आणि त्यांना सांगायची राहिले होते.

मी कंट्रोल-सी दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिले. टोपीवाले सी ओळीने उमटत गेले आणि दरवाजा खालीच जात राहिला. तेव्हा आठवलं की हे मीच बंद करून ठेवलंय. लॅपटॉप आपटून बंद केला असता तरी उपयोग नव्हता, एकदा हुकूम गेला की वेगळा 'थांब' हुकूम मिळाल्याशिवाय मोटर तळ गाठेपर्यंत थांबत नाही. दुसरी खिडकी उघडून थांबवायचे मार्ग होते, पण त्या क्षणी एकही सुचला नाही. बाबांचा फोन चार्जिंगला घरातच. मोटरचा मेन स्विच तिकडे उघाडीपाशी. दरवाजा पूर्ण खाली यायला पाच मिनिटं, आणि घरापासून उघाडी चालत दहा मिनिटं. मी अनवाणी धावत सुटले.

अर्ध्या वाटेवर, शेताच्या बांधावर असताना मोटरची घरघर ऐकू येत होती. मी "बाबा, बाबा" ओरडत होते, पण वारा खाडीकडून, माझा आवाज मलाच परत येत होता. आणि मग घरघर थांबली. मला वाटलं दरवाजा तळाला टेकला. त्यानंतर मी कशी धावले मला माहीत नाही.

पोचले तर दरवाजा अधांतरी उभा, आणि त्याखाली बाबा चिखलात ओणवे. त्यांच्या पाठीपासून दरवाज्याची कड एक वीत वर. डावा पाय मांडीपर्यंत रुतलेला. मी आधी मेन स्विच पाडला, मग उतरून चिखल उपसून त्यांचा पाय सोडवला. बाबा काठावर धापा टाकत बसले. मग म्हणाले, "पाय निघंना गो. दरवाजा वरून येताना दिसत होता... बरं झालं बाय, वेलेवर बंद केलंस." मला रडू आवरत नव्हतं.

बाबांना घेऊन घरी आले. ते अंघोळीला गेले आणि मी खोलीत गेले.

खिडकीत माझे टोपीवाले सी ओळीने होते. मी मोजले, चौदा. मग थोडी जागा. मग आणखी एकच सी, आणि त्याखाली मी स्वतः कधीकाळी लिहिलेली ओळ : "कीबोर्डवरून थांबवलं. दरवाजा जागेवर." वेळ बारा चौतीस. बारा चौतीसला मी शेताच्या बांधावर होते. आणि वरच्या बाजूला त्या दिवसाच्या भरतीच्या तीन ओळी निवडलेल्या होत्या, माउसने ओढून पांढऱ्या केलेल्या. मी माउसला हात लावला नव्हता. पहिल्यांदा त्या खोलीची मला भीती वाटली.

आता तुम्ही म्हणाल, कुणी तरी घरात शिरलं असेल. दार उघडंच टाकून गेले होते, मान्य. पण शिरून दाबलं तरी काय होणार होतं? मी स्वतः चौदा वेळा दाबलं होतं की. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि माझ्या धंद्यातलं सगळं करून बघितलं. दुर्लक्ष करायची ती ओळ जागेवर होती. टर्मिनलची सेटिंग तपासली, कंट्रोल-सी तिथे नेहमीचंच. मोटर सोडवून ठेवली आणि तोच प्रोग्रॅम दिवसभर चालवून कंट्रोल-सी दाबत बसले. दुसरा कीबोर्ड लावला, दुसऱ्या खिडकीतून तोच सिग्नल पाठवून बघितला. एकदाही थांबला नाही. ऑफिसातल्या माझ्या सिनियरला सगळं पाठवलं. त्याने दोन दिवस घेतले आणि फोन करून म्हणाला, "कोड बघता हे होणं शक्य नाही. नीट झोप घे, आणि हे ऑफिसात कुणाला सांगू नकोस."

आता उघाडीवर लाल बटण आहे, प्रोग्रॅममधून ती ओळ काढलीय, आणि खाली उतरणारा माणूस आधी मोटरची वीज तोडतो. हे सगळं केलं. त्या दुपारी काय झालं ते मात्र कळलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही.

बाबा आल्यागेल्याला सांगतात, "आमची पोरगी हुशार. घरात बसून मशीन थांबवलं, म्हणून मी हाय." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मी चहा टाकायला आत जाते. दीड वर्ष मी हेच करतेय. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिलं. हे मासिक आमच्या घरी येतं, आणि बाबा चष्मा लावून ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

बाबा, ते मी थांबवलं नव्हतं.