मुबीनाला लागलेली हवा

शेजारच्या मुबीनाला बाहेरची हवा लागली, म्हणजे भुतानं धरलं, असा आमच्या मलकापूरच्या गल्लीत बोभाटा झाला. झालं होतं एवढंच, की ती फोनवर कुणाला तरी म्हणाली, "त्या बाहेरच्या हवेनं लय छळलं मले." पोरगी भौतिकशास्त्र शिकलेली. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर हवा कशी असेल, हे ताडणारा प्रोग्राम ती घरी बसून चालवते.

पण तिची आई बिस्मिल्लाबी घाबरलीच. झाडफूकवाल्याला बोलावून कॉम्प्युटर घराबाहेर काढायचा, असं तिनं ठरवलं. मी म्हटलं, आधी मी पाहून येतो. मला काय, फुकटचा तमाशा!

खोलीत पडदे ओढलेले. मुबीनाचे हात मांडीवर, तरी स्क्रीनवर एक रेघ आपोआप थरथरत होती. दुर्बिणीनं अशाच एका ग्रहाच्या हवेतून गाळून आलेला उजेड टिपला होता, त्याचे ठिपके मांडलेले. प्रोग्राम कधी वाफ, कधी धूर मिसळून आपली रेघ त्यांवर बसवू पाहत होता. ठिपक्यांच्या एका उंचवट्याशी ती अडायची, मागे सरायची, पुन्हा यायची. अंधारात कुणी दाराची कडी चाचपडावी तशी.

"काय हाय वं हे?"

"मालूम नाही काका. सगळे वायू टाकून पाह्यले, कशानंच बसत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. दारात बिस्मिल्लाबी श्वास रोखून उभी. कॉम्प्युटर राहतो की जातो, ते आता मुबीनाच्या उत्तरावर होतं. मी हळूच विचारलं, "तिथं कोनी हाय का?"

मुबीना म्हणाली, "कोनी असतं, तर पुंजाजीकाका, तुमच्यासारखं आतापर्यंत चौकशीले घरी आलं असतं."