घरात तुमचं बोलू नका

वडगाव रासाईहून टेम्पो निघाला, तेव्हा माझी तीन वर्षांची प्रज्ञा पुढच्या सीटवर उभी राहून दिसेल त्याला 'जयभीम' करत होती. आपली आई दाराला धरून नातीशी बोलतच होती. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, सोडा आता." मिलिंद, तू मागं कपाट बांधत होतास.

किती बोलायची पोरगी तेव्हा! शिरूरला दोन खोल्या घेतल्या. मी कंपनीत शिफ्टला, आणि तुझी वहिनी सुजाता दिवसभर तिच्याबरोबर. भाकरी थापताना तिच्या हातात पिठाचा गोळा द्यायची. डाळीतले खडे वेचायला लावायची, डब्यांची झाकणं जुळवायला लावायची. लहान कुठलं, मोठं कुठलं? मला तो टाइमपास वाटायचा. हेच शिकवणं आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मग नर्सरीची अ‍ॅडमिशन. मॅडमनी चित्र दाखवलं. प्रज्ञा ओरडली, "तंबाटं! तीन हायत. एक कच्चं हाय." पोरीनं ओळखलं, मोजलं, कच्चं कुठलं तेही न विचारता सांगितलं. मॅडम हसल्या. तिच्याकडं नाही, आमच्याकडं बघून. "घरात तुमचं हे बोलू नका. ओन्ली इंग्लिश. नाहीतर मागं पडेल."

आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. घरी येऊन सुजातालाच ताकीद दिली. ती दहावी शिकलेली; तिच्याकडं 'कम', 'ईट', 'सिट डाऊन', एवढंच. त्या मूठभर शब्दांत मायलेकी दिवसभर कोंडून पडल्या. मी शिफ्टवरून यायचो तर घर गप्प. मला वाटायचं, शिस्त लागली. चार महिन्यांत प्रज्ञानं काही विचारणंच सोडलं. हवं ते बोटानं दाखवायची. फोनवर आई म्हणायची, "लेकरू बोलंना का झालंय रं? दवाखान्यात तरी दाखव."

एकदा तिनं पाण्यासाठी ग्लास पुढं केला. मी म्हणालो, "से वॉटर." तिनं ग्लास खाली ठेवला आणि तशीच तहानलेली कोपऱ्यात जाऊन बसली.

सुजाता उसळली. "मला जेवढं येतंय तेवढं तरी पोरीला देऊ द्या की! का त्येबी तुमच्या मॅडमला इचारू?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. म्हणालो, "घरात आम्ही आमचंच बोलणार. इंग्लिश शिकवणं तुमचं काम."

"मग रिझल्टची तक्रार करू नका."

साडेतीन वर्षांच्या पोरीचा रिझल्ट! तिथल्या तिथं नाव काढलं आणि गल्लीतल्या अंगणवाडीत घातलं. पण बोलणं काही दुसऱ्या दिवशी परत आलं नाही. सुजाता रोज तिला जवळ घेऊन एकटीच बडबडत राहायची, तेव्हा कुठं हळूहळू एकेक शब्द फुटला.

मिलिंद, परवा तू फुशारकीनं सांगितलंस, "आम्ही बी बाळाशी घरात इंग्लिशच बोलतो आता." माझं डोकं फिरलं, मी फोन आपटला. म्हणून हे लिहितोय. राग त्या मॅडमचा आहे, तुझाही आहे. सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आहे. ते महिने पोरीच्या वयातून गेले ते गेलेच.

आई विचारते, घरी कवा येतोस? मी म्हणतो, घरीच हाय. काल मी ड्युटीला निघालो होतो. प्रज्ञा दारात उकिडवी बसून ओरडली, "आई, मुंगीला गुडघं असत्यात का?" सुजाता पिठाच्या हातांनी तिच्याशेजारी जाऊन बसली. "थांब, मलाबी न्हाई ठाऊक. बघू." मीही एका पायात बूट घालून वाकलो. खाली कंपनीची बस हॉर्न देत होती. म्हटलं, बोंबल लेका किती बोंबलायचं ते.