मागच्या खोलीवरची घरपट्टी

धुळ्यात एका वकिलांकडे मी वीस-बावीस वर्षं कारकुनी केली. अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा होता. पक्षकार रडत यायचा, वकीलसाहेब माझ्याकडे बोट दाखवायचे, आणि त्याच्या रडण्यातलं जेवढं कायद्यात बसेल तेवढंच उचलून मी कागदावर उतरवायचो. बाकीचं त्याच्यापाशीच राहायचं. या कसबाचा मला फार अभिमान होता. आज तो अभिमान आठवला की स्वतःचीच किळस येते.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या चार-पाच वर्षं आधी मी पांझरा नदीपलीकडे, देवपुरात घर बांधलं. पुढे दोन खोल्या, मधे अंगण आणि मागे एक खोली. मागच्या खोलीत माझी थोरली बहीण राहायची. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणत असू. नवरा वारल्यावर ती शिंदखेड्याहून माझ्याकडे आली ती राहिलीच. घर बांधलं मी असं म्हणतो खरा, पण मी दिवसभर कोर्टात असे. गवंड्यांवर नजर तिची. नदीवरून घागरी आणून भिंतींना दोन वेळा पाणी मारायची ती. एकदा चुन्यात रेती जास्त पडली, तर तिने गवंड्याला दिवसभराचं काम मोडायला लावलं. मागची खोली तिने आपण होऊन मागून घेतली. तिथलं दार गल्लीत उघडायचं, त्यामुळे पहाटे नदीवर जाताना कुणाची झोपमोड होत नसे. चातुर्मासात ती कांदा-लसूण खात नसे, म्हणून त्या चार महिन्यांपुरती तिची चूलही तिथेच असे.

नेमका श्रावणात म्युनिसिपालिटीचा आकारणी कारकून आला. मी कोर्टात होतो, बायको माहेरी होती. त्याने गल्लीतून पाहिलं: वेगळं दार, वेगळी चूल, चुलीपुढे बसलेली एक बाई. काही विचारलं नाही. वहीत लिहिलं, भाडेकरू एक.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल या अंदाजावर तेव्हा घरपट्टी बसायची. त्यांनी माझी मागची खोली भाड्याने गेलेलीच धरली होती आणि पट्टी जवळजवळ दीडपट केली होती. माझं डोकं फिरलं. म्युनिसिपालिटीचे दिवे पुलाशी संपायचे. आमच्या गल्लीत गटार नव्हतं, सांडपाणी दारापुढेच साचायचं. आणि पट्टी मात्र शहरातल्या पेठेसारखी!

हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. ‘मागील खोलीत अर्जदाराची विधवा बहीण राहते, ती भाडेकरू नाही,’ एवढंच लिहायचं होतं. तेच खरं होतं. पहिली ओळ लिहिलीही. मग आठवलं की गोठा आणि सरपणाची जागा यांची किंमत नावापुरतीच धरतात. हात थांबला. वाढलेली पट्टी रद्द करून काय मिळवलं, मूळचीच कमी करून घेऊ, असं मनात आलं. तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. ‘मागील बांधकाम हा गोठा असून तेथे कडबा व सरपण ठेवण्यात येते. सदर जागा मनुष्यवस्तीस योग्य नाही.’ अक्षर मोत्यासारखं आलं होतं. बायकोला वाचून दाखवलं.

“आणि अक्का?” तिने विचारलं.

“अक्काचा यात काय संबंध?”

“अहो, त्या राहतात तिथे.”

“पाहणीच्या दिवशी नाही राहणार.”

ती चुलीकडे वळली. आमच्या घरात त्या दिवसांत माझ्यापुढे कुणी फारसं बोलत नसे.

पाहणीला दोन मेंबर आणि तोच कारकून येणार होते. साहेब लोक घर पाहायला येणार एवढंच अक्काच्या कानावर गेलं होतं. तिने आदल्या दिवशी खोली सारवली, भिंतींना पांढरी माती दिली, दारात रांगोळी काढली. सकाळी मी तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, “अक्का, तुझं सामान पुढे न्यावं लागेल.”

“काबरं?”

“ही खोली आज गोठा म्हणून दाखवायची आहे. पट्टी कमी होईल.”

तिला थट्टाच वाटली. हसली. मग गल्लीत पऱ्हाट्यांच्या सरपणाची गाडी उभी असलेली तिला दिसली आणि तिचं हसू गेलं. तिने वळकटी उचलली, देव उचलले, मडकी उचलली. ओल्या सारवणावर कडबा मी टाकणार होतो. तिने माझ्या हातातून पेंढ्या घेतल्या आणि स्वतः पसरल्या. शेजाऱ्यांची म्हशीची वगार मी मागून आणली होती, ती चुलीच्या जागी बांधली. रांगोळी पायाने पुसली, तीही तिनेच.

मेंबर आले. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला. ‘मनुष्यवस्तीस योग्य नाही’ हे शब्द वाचताना त्यांनी मान वर करून खोलीकडे पाहिलं. अक्का दाराशी उभी होती. कारकून तिच्याकडे पाहत होता.

मेंबर तिला म्हणाले, “बाई, इथे कोण राहतं?”

“आठे कोन्ही ऱ्हात नही, साहेब,” ती म्हणाली. “गोठा शे हाऊ.”

“आणि तुम्ही कोण?”

“मी कामवाली शे. शेण काढस.”

हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. ‘ही माझी बहीण आहे,’ एवढे चार शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही. उलट उत्तर फार सोयीचं झालं असं मला वाटलं, हे मी आज लिहून ठेवतो.

अर्ज मंजूर झाला. पट्टी पहिल्यापेक्षाही कमी झाली. तो हुकूम मी कोर्टात चार जणांना दाखवला, वकीलसाहेबांनी चहा मागवला. संध्याकाळी घरी आलो तर अक्का गाठोडं बांधून बसलेली. शिंदखेड्याला नणंदेकडे जाते म्हणाली.

“पुढच्या खोलीत राहा की,” मी म्हणालो. माझ्या आवाजात आग्रह नव्हता, ते तिलाही कळलं असणार.

“कोन्ही ईसन दखं, ते तू खोटा पडशी, भाऊ.”

कुणी येऊन पाहिलं तर मी खोटा पडेन, याची काळजी तिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने ती गेली. बायको तिला पोचवायला पुलापर्यंत गेली होती. मला कोर्टात काम होतं.

काही महिन्यांनी तो आकारणी कारकून कुठल्याशा दाव्यात साक्षीला आला. व्हरांड्यात गाठ पडली. म्हणाला, “एवढं कशाला केलंत? चूक माझी होती. बहीण राहते म्हणून दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी त्याच दिवशी खोडून टाकलं असतं.”

“तुम्हाला कसं कळलं, बहीण म्हणून?”

“श्रावणात चुलीपुढे त्याच होत्या. पाहणीच्या दिवशी मी ओळखलं त्यांना. तोंडवळा तुमचाच आहे. पण त्याच तसं बोलल्या, मग मी काय बोलणार?”

त्या रविवारी मी शिंदखेड्याला गेलो. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने मला कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, पोरांची खुशाली विचारली. मी म्हणालो, “घरी चल.” तिने नाही म्हणून मान हलवली.

“घर तुन्हं शे. पट्टी कमी व्हयनी ना?”

“झाली.”

“मंग बस.”

ती रागावली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. दोन वर्षांनी ती तिथेच वारली. निरोप मिळून मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. नणंदेने मला पाणी दिलं आणि आत निघून गेली.

मागची खोली आम्ही कधी वापरली नाही. वापरली असती तर पट्टी वाढली असती. उंदरांनी जमीन पोखरली, कौलं सरकली, तिने दिलेली पांढरी माती पोपडे होऊन गळाली. पुढे सगळ्या देवपुराची आकारणी नव्याने झाली आणि ज्या नोटिशीवरून मी एवढं रामायण केलं होतं तिच्यापेक्षाही जास्त पट्टी बसली. मुदतीत हरकत घेता आली असती. मी घेतली नाही. कोर्टातले लोक विचारायचे, तुमच्यासारख्याने का सोडून दिलं? वेळ मिळाला नाही, असं मी सांगत असे. तेही खोटंच होतं.