आमची हत्तीकोंबडी

कोंबड्या पाळल्या की घरात अंडी साठतात म्हणे. आमच्या घरात किस्से साठले! अंडी निदान खाऊन संपतात. कुंभकोणच्या आमच्या परसातले किस्से मात्र अजून संपत नाहीत. चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "ती हत्तीकोंबडीची गोष्ट सांगा हो!" आता तिची गोष्ट एक असती तर सांगून मोकळा झालो असतो.

स्वातंत्र्याला थोडी वर्षं झाली होती. मी एका तांदळाच्या मिलमध्ये हिशेबनीस होतो. घरात मी आणि बायको सरस्वती, परसात तिच्या गावठी कोंबड्या. घरात पूर्वजांनी कितीतरी पिढ्यांमागे इकडे आणलेली आमची जुनी मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ.

एका दिवाळीला मिलच्या मॅनेजरांनी खूश होऊन मला एक कोंबडी भेट दिली. सरकारी फार्ममधली, विलायती जातीची, मांसासाठीच वाढवलेली. पांढरीशुभ्र आणि प्रचंड! वर म्हणाले, "रविवारी मीच जेवायला येतो. हिचाच रस्सा करा."

घरी आणून पाय सोडले, तर तिला धड उभं राहता येईना. छातीचं वजन पायांना पेलतच नव्हतं. सरस्वतीने वाटीत पाणी ठेवलं. कोंबडी घटाघटा प्यायली आणि सरस्वतीच्या पावलावर मान टाकून स्वस्थ बसली.

मी म्हटलं, "रविवारपर्यंत टोपलीखाली ठेव."

"आणि रविवारी?"

"रविवारी रस्सा!"

"ऐसे कैसे?" ती म्हणाली. "पाणी पिली ती माझे हातचे. आता ती पाहुणी जाली. पाहुणीस कोणी कापते काय?"

झालं! माझी नोकरी एका वाटीभर पाण्यात बुडाली असं मी समजून चाललो.

✱

रविवारी मॅनेजर आले. केळीचं पान मांडलेलं. सरस्वतीने नदीचे मासे केले होते, अंड्यांचं कालवण केलं होतं, वांगी केली होती. मॅनेजर जेवता जेवता पानावर काहीतरी शोधत होते.

शेवटी त्यांनी विचारलंच, "अम्मा, कोंबडी कुठे आहे?"

"आहे की! बोलावू?"

आणि तिने मागच्या दाराकडे तोंड करून खरोखरच हाक मारली. ते धूड डुलत डुलत उंबऱ्यापर्यंत आलं आणि दम लागून मॅनेजरांच्या समोरच बसलं. मॅनेजरांचा हात पानावरच थांबला. ते कोंबडीकडे बघतायत, कोंबडी त्यांच्याकडे बघतेय.

"अम्मा," ते सावकाश म्हणाले, "हिला थोडा भात घाला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला बोलावणं. मी मान खाली घालून उभा. तर म्हणाले, "पुढच्या दिवाळीला तुम्हाला पितळेची समई देणार आहे. ती पायांनी चालत येऊन माझ्याकडे बघणार नाही!"

✱

गल्लीतल्या लोकांनी तिचं नाव पाडलं 'यानैक्कोळी', म्हणजे हत्तीकोंबडी. मला वाटलं, सरस्वती चिडेल. ती म्हणाली, "हत्ती म्हणतात ना? मग मान द्या, गजलक्ष्मी म्हणा!" आणि आठवड्याभरात सगळी गल्ली गजलक्ष्मी म्हणायला लागली.

✱

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "अशा कोंबड्या जगवायच्या नसतात. वर्षभरात पाय तरी जातात, नाहीतर हृदय."

सरस्वती म्हणाली, "ते सांगितलेत. आता जगवायचे कैसे ते सांगा."

डॉक्टर हसले. खाणं मोजकं आणि चालणं भरपूर, एवढंच काय ते औषध. मग रोज सकाळी हिने परसाच्या एका टोकाला दाणे टाकायचे आणि गजलक्ष्मीने दुसऱ्या टोकापासून चालत यायचं. "चला, गजलक्ष्मी! बसायचे नाही!"

कुंपणापलीकडे एक रिटायर्ड हेडमास्तर राहायचे. तेही भरपूर वजनदार. काही दिवसांनी त्यांची बायको आमच्याकडे आली.

"तुम्ही कोंबडीला हाक मारता, तेव्हा जरा मोठ्याने मारत जा."

"का हो, मामी?"

"आमचे हेही त्याच हाकेवर चालतात!"

✱

आमच्या कळपाची पुढारीण म्हणजे काळी. तिने गजलक्ष्मीला कधी दाण्यापाशी टिकू दिलं नाही. टोचून टोचून मान लाल करायची. सरस्वतीने मधे जाळी लावली, वेगळं खाणं ठेवलं, सगळं करून पाहिलं. काळीपुढे कोणाचं काही चालेना.

मग पुढच्या वर्षी कार्तिकात वादळ आलं. भर दुपारी काळोख! नारळ धडाधड पडत होते. खुराड्याचं छप्पर आमच्या डोळ्यांदेखत उडालं. काळीची पिल्लं नुकतीच अंड्यातून निघाली होती. सरस्वती धावायला लागली, मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. वारा पडेपर्यंत ती तो सोडवून घ्यायला धडपडत होती.

वारा पडला तसे आम्ही धावलो. कपडे धुण्याच्या दगडाच्या आडोशाला गजलक्ष्मी बसलेली. पंख पसरलेले, अंगावर चिखल, पालापाचोळा. सरस्वतीने हात लावला तरी ती उठेना. आणि तिच्या पोटाखालून आवाज आला. चिव चिव! एक डोकं बाहेर आलं, दुसरं आलं, सगळी पिल्लं आली. शेवटी पंखाखालून एक काळं शेपूट हललं. काळीबाई स्वतः!

सरस्वती तिथेच चिखलात बसली आणि पदराने गजलक्ष्मीचं अंग पुसत राहिली.

त्यानंतर काळीने गजलक्ष्मीला कधी टोचलं नाही. मला मात्र टोचायची!

✱

डॉक्टरांनी दिलेलं वर्ष केव्हाच मागे पडलं होतं, तेव्हा जवळच्याच तिरुविडैमरुदूर गावी शेतकी प्रदर्शन भरलं. सरस्वतीने गजलक्ष्मीला डालग्यात घातलं आणि आम्ही बसने गेलो. कोंबड्या तपासायला एक मोठे अधिकारी आलेले. गजलक्ष्मी टेबलावर काही स्थिर राहीना.

"उगी राहा गे बाई," सरस्वती तिला म्हणाली, "हे काही कापायला आले नाहीत!"

अधिकारी चमकले. ते निघाले पुण्याचे! "अहो, तुम्ही मराठी? आणि इतकी जुनी मराठी! कुठल्या तुम्ही?"

"कुंभकोणच्या."

"तसं नाही, मूळच्या कुठल्या?"

"कुंभकोणच्या."

साहेब हसले. मग गजलक्ष्मीचे पाय चाचपले, पंख उघडून पाहिले, चांगलं निरखून घेतलं.

"ही मात्र इथली नाही. ही जात विलायती."

सरस्वतीने गजलक्ष्मीला उचलून काखेत घेतलं आणि म्हणाली, "हीही कुंभकोणचीच."