चौदा टक्के

हायडेलबर्गच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरचे आजोबा सगळ्यांचा कचरा तपासतात. दह्याच्या कपाचं झाकण चुकीच्या डब्यात पडलं, की सकाळी ते माझ्या दारात. "आल्झो, तर मग," म्हणतात, "नियम म्हणजे नियम."

हेच गृहस्थ इथे आता कायदेशीर झालेल्या गांजाच्या क्लबात पुड्यांना लेबलं लावतात. माल किती कडक, म्हणजे नशेचा अंश किती टक्के, ते पुडीवर छापावंच लागतं. परवा तळघरात बसून ते प्रत्येक पुडीवर 'चौदा टक्के' चिकटवत होते.

"लॅबचा रिपोर्ट आला?" मी विचारलं.

"येईल." माझ्या कंबरदुखीसाठी म्हणून त्यांनी एक पुडी हातात ठेवली.

"नक्की चौदाच?"

"गेनाऊ. अगदी चौदा."

मी ती गुपचूप कचऱ्यात टाकली. सकाळी दारात फक्त लेबल होतं, नीट सोललेलं. सोबत चिठ्ठी: 'हा कागद आहे. निळा डबा.'