खिळ्यावरचा कार्बोरेटर

पोलादपूरच्या त्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. ताकद वाढावी म्हणून वडिलांच्या जुन्या गाडीचं इंजिन मी थोडं बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून रुंद करून घेतलं होतं आणि हौसेनं मुंबईहून भला मोठा कार्बोरेटर आणला होता. त्यानं तो हातातही घेतला नाही. जुन्यावरच गाडी सुरू करायला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ इंजिन ऐकत राहिला.

“एवढा मोठा नको. चढाला गुदमरल ती,” म्हणाला. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला एक लहान कार्बोरेटर काढून त्यानं त्यात हलकेच फुंकर मारली, झोपलेल्याला उठवावं तशी.

“आंबेनळी घाटात दरीत गेलेल्या गाडीचा हाय हा. मालकानं मोरीच्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाय. आता तिथं हा सोताच दम धरतो. धरू द्या.”

मी हसलो. तो हसला नाही.

तो कार्बोरेटर बसवल्यापासून गाडी चढाला कुरकुरत नाही. फक्त त्या वळणावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असतानाही, इंजिन क्षणभर मंदावतं. हल्ली मीही तिथे पाय उचलतो. पण आधी कोण उचलतं, मी की तो, ते मला अजून कळलेलं नाही.