केतुतची काळी जीभ

केतुत रेंती डुकराच्या तोंडाकडे कधी बघायची नाही, मागं जाऊन बघायची. चारचौघं डुक्कर बघायला आले की पाठ थोपटतात, मांडी दाबतात, वजनाचे अंदाज बांधतात. ही बाई सरळ खोपटामागं जाऊन नारळाच्या हिराच्या काडीनं विष्ठा फोडून बसणार. त्यात मक्याचे दाणे आख्खेच्या आख्खे दिसले की मालकाला ऐकवणार, "तू डुक्कर नाही पोसत बाबा, उकिरडा पोसतोयस." बाईमाणसाच्या तोंडी हे शोभत नाही असं वस्तीतल्या पुरुषांचं मत होतं. पण गालुंगान सणाच्या आदल्या दिवशी डुकरं कापली की ओढ्यावर बसून आतडी धुवायला याच शोभत नसलेल्या बाईला हाका मारायच्या! छत्तीस वर्षं तिनं गावाची आतडी धुतली. मसाला भरलेली तीच आतडी मिटक्या मारत खाणाऱ्यांनी, आधी त्यात काय होतं, हे तिला एकदाही विचारलं नाही. तिला मात्र ते पाठ झालं होतं.

म्हणून तिचं खाद्य ठरलेलं होतं. केळीचा सोट बारीक चिरून म्हाताऱ्या डुकरिणीला टोपलीभर, वाढत्या पिलांना मूठभरच, कारण चोथा पचवायचं त्यांचं वय नसतं. रताळ्याचे वेल, कोंडा, थोडी नारळाची पेंड. आणि मका भरडलेला. दाणा फुटलेला हवा, पण त्याचं पीठ होता कामा नये. ती स्वतः जात्याशी बसून भरडायची, आणि शेजारचा वायान रुंदू हसायचा.

वायान गिरणीतून मका इतका बारीक दळून आणायचा की तो अंगाला लावावा. जेवढं बारीक तेवढं लवकर पचतं, हा त्याचा हिशेब. आणि खरंच, त्याचं पांढरं डुक्कर केतुतच्या डुकरापेक्षा दीड वीत पुढं गेलं. या गालुंगानला सगळ्या वस्तीत वाटायचं डुक्कर आपलंच, असं तो गावभर सांगत सुटला.

सणाला नऊ दिवस होते तेव्हा केतुत त्याच्या खोपटामागं उभी राहिली. डुक्कर पाठ वाकवून उभं होतं, दात कराकरा खात होतं. खाली विष्ठा पडली होती ती काळीकुट्ट, पेल्याच्या तळाशी उरलेल्या कॉफीच्या गाळासारखी.

"वायान," ती म्हणाली, "हे जनावर गालुंगान बघणार नाही. आजपासून पीठ बंद कर."

चौथ्या दिवशी डुक्कर मेलं. ओठ पांढरे, कान पांढरे, अंगावर ओरखडासुद्धा नाही. वायानची बायको कर्ती झऱ्यावर पाण्याला गेली आणि तिथं जमलेल्या बायकांसमोर खड्या आवाजात म्हणाली, "कुणीतरी रक्त पिऊन टाकलं त्याचं. त्या बाईची जीभ काळी आहे. बोलली आणि मेलं."

संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर झालं. वस्तीप्रमुख, म्हणजे क्लियान न्योमान सुवेता, यांनी निरोप धाडला की या वर्षी केतुतनं आतड्यांना हात लावू नये, देवाच्या ताटात जायचं असतं ते. निरोप अगदी मऊ शब्दांत होता. मला विचाराल तर असे मऊ निरोप शिवीपेक्षा वाईट, कारण शिवीला उलट शिवी तरी देता येते. ज्या वस्तीची घाण तिनं निम्मं आयुष्य उपसली, त्याच वस्तीनं आता तिचे हात विटाळाचे ठरवले होते.

केतुत रडली नाही. सुरी घेऊन ती वायानच्या परड्यात गेली. तिथं खड्डा तयार होता, डुक्कर कडेला होतं. ती खड्ड्यातच पाय सोडून बसली.

"पुरायचं असेल तर आधी मला पुरा," ती म्हणाली. "नाहीतर पोट फाडून बघा."

क्लियान धावत आले. रोगबिग असेल, उघडू नये, असं कुणीतरी म्हणालं. केतुतनं खोपटाकडे बोट दाखवलं: याच्या शेजारची दोन डुकरं वायानच्या डोळ्यांदेखत खातायत, रोग काय एकालाच निवडून आला? कुणी सुरी धरेना, तेव्हा तिनंच धरली. पोटाची पिशवी बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवली आणि चिरली. आत रक्ताच्या काळ्या गाठी खच्चून भरलेल्या.

"हे बघा रक्त. कुणी प्यायलं नाही, सगळं इथंच आहे," ती म्हणाली. मग पिशवी उलटी करून धुतली आणि घशातून घास उतरतो त्या तोंडाशी बोट ठेवलं. तिथं तळहाताएवढी जखम होती, कडा कातरल्यासारख्या. "पिठाचं पोटात नुसतं पाणी होतं, क्लियान. ते डचमळतं आणि आंबट वर चढतं. वरची कातडी नाजूक, ती जळते. भरडा असला की जाड लगदा होतो, आंबट खालीच राहतं. अशा पिशव्या मी ओढ्यावर पाच वेळा पाहिल्यात. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

कर्ती घरात निघून गेली.

सणाच्या आदल्या सकाळी क्लियानांनी पुन्हा निरोप धाडला, ओढ्यावर या म्हणून. केतुतनं तितक्याच मऊ शब्दांत उलट निरोप दिला: माझी जीभ काळी आहे, देवाच्या ताटाला बाधेल. आतडी टोपल्यांत पडून राहिली, माश्या घोंगावू लागल्या. शेवटी वायान केतुतच्या दारात आला. त्याच्या हातात केळीच्या पानाची पुडी होती, उरलेल्या दोन डुकरांची विष्ठा. पाच दिवस त्यांना भरडा घातला होता.

"मेमे, एकदा बघून सांग," तो खाली मान घालून म्हणाला. आईला म्हणतात तसं मेमे त्यानं तिला कितीतरी दिवसांनी म्हटलं होतं.

केतुतनं हिराची काडी त्याच्या हातात दिली. "मी बोलले की मरतं ना? तूच बघ."

तो उकिडवा बसला, काडीनं चाचपत राहिला. "पिवळं आहे," तो पुटपुटला. "काळं नाही."

"ऐकू आलं नाही. तुझी बायको झऱ्यावर बोलली होती तेवढ्या आवाजात सांग."

पाण्याला निघालेल्या बायका वाटेतच थांबल्या होत्या, त्यांत कर्तीही होती. वायाननं त्यांच्याकडे एकदा बघितलं.

"काळं नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "मेमेची जीभही कधीच काळी नव्हती."

केतुतनं लुगडं खोचलं आणि ती ओढ्याकडे निघाली.